‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ : कात्री आणि दोन वाचक

प्रभातच्या ‘धर्मात्मा’ची (१९३५) गोष्ट आपल्या चित्रपट-इतिहासांत बहुधा दोन ओळींत उरकली जाते. व्ही. शांतारामांनी नाव ‘महात्मा’ ठेवले होते, सेन्सॉरने हरकत घेतली, नाव बदलले. स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले. पुढे लेखक दुसऱ्या चित्रपटाकडे वळतो. चित्रपट पैठणच्या माणसावरचा असल्याने मराठवाड्यातल्या वाचकाने तरी इथे थोडे थांबावे.

सेन्सॉरला चित्रपट कळला नव्हता, असे मला वाटत नाही. १९३२ साली पुणे करार झाला, १९३३-३४ मध्ये गांधींचा हरिजन दौरा झाला. त्यानंतर लगेच पडद्यावर अस्पृश्याच्या घरी जेवणारा ‘महात्मा’ आला, तर प्रेक्षकाला सोळावे शतक कशाला आठवेल? याच शांतारामांच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला १९३० मध्ये ‘उदयकाल’ व्हावे लागले होते. तो तर मूकपट!

ही कात्री मुंबईची. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. पैठण, नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर निजामाच्या राज्यात होते, आणि तिथे दरबाराची मर्जी हाच कायदा. धीरेन गांगुलींनी १९२२ मध्ये हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली. पुढे मुस्लिम राणी आणि हिंदू पुरुष यांच्या प्रेमाचा ‘रझिया बेगम’ (१९२४) त्यांनी दाखवला आणि त्यांना राज्य सोडावे लागले. मंडळाशी निदान पत्रव्यवहार तरी करता येतो.

परंतु ‘धर्मात्मा’चा सर्वांत कडक वाचक सेन्सॉर नव्हता, ते होते डॉ. आंबेडकर. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधींनी १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून टीका करताना ज्ञानदेव-तुकारामांचा दाखला दिला. त्याला दिलेल्या उत्तरात आंबेडकर या चित्रपटाचा नावानिशी उल्लेख करतात. त्यांचे म्हणणे असे, की एकनाथ अस्पृश्याला शिवले, त्याच्याकडे जेवले, ते जातीला विरोध म्हणून नव्हे. तो विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो, अशी त्यांची श्रद्धा होती म्हणून. सेन्सॉरला जे जास्त वाटले, ते आंबेडकरांना फार कमी वाटले. मला हा निकाल पुरता पटत नाही. एकनाथांचे ‘जोहार’ महाराच्या तोंडून बोलतात, त्याचा हिशेब त्यात येत नाही. पण एकनाथांना नायक करताना चित्रपटाने कोणता प्रश्न टाळला, हे त्या एका वाक्यात जेवढे दिसते तेवढे आपल्या कौतुकपर लेखांत दिसत नाही.

हे पुस्तक स्वतःच कात्रीतून सुटलेले आहे, हेही लक्षात ठेवावे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला भाषणातला काही मजकूर नको होता. आंबेडकरांनी बदल नाकारला, अधिवेशन रद्द झाले आणि भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. त्या मंडळाकडे सरकारी शिक्का नव्हता. होती ती सुधारकांची भीड. अभिव्यक्तीच्या आपल्या चर्चेत ही दुसरी कात्री क्वचितच येते.

२०२५ मध्ये ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलऐवजी २५ एप्रिलला आला. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द मंडळाने काढायला लावल्याच्या बातम्या होत्या. १९३५ मध्ये ‘महात्मा’ गेला होता आणि विषय राहिला होता. या वेळी जोतीरावांचे महात्मापण शाबूत, पण ज्यांच्यासाठी त्यांनी शाळा काढल्या त्यांची नावे नकोशी. एखादे नाव लिहायचे की नाही, यात काय पणाला लागते हे नांदेड-परभणीला सांगायला नको. १९७८ च्या ऑगस्टात विद्यापीठाच्या नामांतरावरून इथली घरे जळाली आणि पुढे नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले.

आंबेडकरांना ‘धर्मात्मा’शी वाद घालता आला, कारण शीर्षक गेले तरी ते जेवण पडद्यावर होते. ‘फुले’मध्ये कोणाला शाळेबाहेर ठेवले होते हेच संवादांतून पुसले, तर पुढच्या टीकाकाराने वाद नेमका कशाशी घालायचा?