‘तारण’, ‘गंगाजळी’ आणि भीमथडीचा रुपया

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. त्यास प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. ग्रंथकर्त्याशी आपले अनेक मुद्द्यांवर मतभेद आहेत हे तीत त्यांनी लपविलेले नाही. मराठीत या ग्रंथाचा उल्लेख वारंवार होतो, परंतु तो बहुधा गौरवापुरताच होतो. रिझर्व्ह बँकेचा उगम या ग्रंथात आहे असे एक विधान करून लेखक पुढे जातो. त्यामुळे ग्रंथातील मुख्य सिद्धान्ताची परीक्षा व्हावयाची तशीच राहिली आहे. नाण्याचे वा नोटेचे मूल्य तिच्यामागे ठेवलेल्या सोन्याने स्थिर राहत नाही, तर तिच्या संख्येवर घातलेल्या मर्यादेने राहते, असा तो सिद्धान्त आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर व जुना भीमथडी (म्हणजे आजच्या बारामतीचा बराच भाग ज्यात मोडत असे तो) या दोन तालुक्यांच्या इतिहासावर त्याची कसोटी लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी शब्दांचा विचार करणे अवश्य आहे, कारण या विषयातील निम्मा घोटाळा शब्दांनीच माजविलेला आहे. ‘नोटांना सोन्याचे तारण असते’ हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत व प्रबंधांत सर्रास आढळते. आता ‘तारण’ हा शब्द सावकारी व्यवहारातील आहे. ज्या वस्तूवर धनकोचा हक्क पोचतो आणि कर्ज थकल्यास जी त्याला ताब्यात घेता येते, ती वस्तू तारण. बारामतीच्या ज्या नाइकांच्या आश्रयास मोरोपंत राहिले त्या घराण्याचा पिढीजाद व्यवसाय सावकारीचाच होता, आणि त्या पेठेत या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नसता. परंतु आजच्या नोटधारकास रिझर्व्ह बँकेच्या सोन्यावर असा कोणताही हक्क नाही. तेथे योग्य शब्द ‘गंगाजळी’ हा आहे. गंगोदकाचे बंद पात्र घरात असते, त्याने घराला धीर येतो, पण तहान लागली म्हणून ते कोणी फोडीत नाही. आपल्या भाषेने राखीव निधीला हे नाव देताना जो सूक्ष्म भेद ओळखला, तो आपल्या अर्थशास्त्रीय लेखकांनी मात्र पुसून टाकला आहे. ‘वटणे’ या क्रियापदाचीही हीच गत आहे. हुंडी वटते, म्हणजे तिच्या मोबदल्यात दुसरे काही हाती पडते. ‘नोट वटविणे’ याचा अर्थ आज एका नोटेच्या बदली दुसऱ्या नोटा घेणे एवढाच उरला आहे.

आता भीमथडीकडे वळू. १८३५ या वर्षी दोन गोष्टी घडल्या. कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा आणि १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया कायदेशीर केला, आणि गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीच्या मोजणीचे व आकारणीचे ते काम आरंभिले, ज्यावर पुढे मुंबई इलाख्याची सगळी रयतवारी पद्धती उभी राहिली. तत्पूर्वी अंकुशी, मल्हारशाही, चांदवडी असे निरनिराळे शिक्के चालत व एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना बट्टा द्यावा लागे. तो त्रास गेला, हा लाभ लहान नव्हे. परंतु एक नवी गोष्ट नकळत शिरली. तीस वर्षांसाठी सारा रोख रुपयांत ठरला, आणि रुपया हा गजासारखा न बदलणारा माप आहे असे सर्वांनी गृहीत धरले. बट्टा होता तोवर नाण्याची किंमत बदलते हे कुणब्यास दिसत होते. बट्टा गेल्यावर ती बदलत राहिली, परंतु दिसेनाशी झाली.

तीस वर्षांची मुदत संपण्याच्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. येथे एक तुलना करण्याजोगी आहे व ती कोणी केलेली आमच्या पाहण्यात नाही. २५ फेब्रुवारी १८६२ रोजी अमेरिकेने ‘ग्रीनबॅक’ नावाच्या नोटा काढण्याचा कायदा केला. त्या सोन्यात वटत नसत. हिंदुस्थानात १८६१ च्या एकोणिसाव्या कायद्याखालील सरकारी नोटा १८६२ च्या मार्चपासून सुरू झाल्या. येथे चार कोटी रुपयांपर्यंतच्या नोटा सरकारी रोख्यांवर काढता येत, त्यापुढील प्रत्येक नोटेमागे पूर्ण धातू ठेवावा लागे. एक चलन धातूपासून तोडलेले, दुसरे धातूला घट्ट बांधलेले. ‘तारणा’चा सिद्धान्त खरा असता तर पहिल्या देशात भाव चढावयास हवे होते व दुसऱ्यात स्थिर राहावयास हवे होते. प्रत्यक्षात दोन्हीकडे ते चढले. कारण अमेरिकन कापूस बंद झाल्यामुळे इंग्लंडला हिंदी कापसाचे दाम चांदीत मोजावे लागले, ती चांदी मुंबईच्या टांकसाळीत आली, आणि टांकसाळ खुली असल्यामुळे तिचे रुपये झाले. नोटेमागे चांदी होती, परंतु चांदीमागे कोणतीच मर्यादा नव्हती.

भीमथडी व इंदापूर हा ज्वारी-बाजरीचा, कोरडा प्रदेश. कापसाची तेजी म्हणून जी शिकविली जाते ती येथे कापसाच्या रूपाने फारशी आलीच नाही. ती धान्याच्या चढ्या भावाच्या रूपाने आली, आणि लोहमार्गाच्या कामावरील मजुरीच्या रूपाने आली. (दिकसाळवरून सोलापूरकडे जाणारा रस्ता याच सुमाराचा.) १८६७ साली इंदापूरची फेरआकारणी झाली ती या चढलेल्या भावांकडे पाहून. युद्ध १८६५ च्या एप्रिलमध्ये संपले होते, त्याच जुलैत मुंबईचा शेअरबाजार कोसळला होता, आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये मोडीत निघाली. अडचणीच्या वेळी बँकांना सावरणारी मध्यवर्ती बँक देशात नव्हती. १८७० नंतर दक्षिणेत धान्याचे भाव उतरले, पण आकारणी तेथेच राहिली. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली व कर्जरोखे जाळले.

यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने दोष मुख्यतः कर्जबाजारीपणावर व सावकार-कुळांच्या संबंधांवर ठेवला. आयोगाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र फेरआकारणीकडे स्पष्टपणे बोट दाखविले. सरकारलाही ते आतून पटले असावे, कारण १८७४ मध्येच तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर शेकडा ६६ आणि एका खात्यावर शेकडा १०० यापेक्षा अधिक वाढ करू नये असा ठराव करावा लागला होता. पुढे नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली या दंग्यांचे महत्त्व अवास्तव वाढविले गेल्याचे प्रतिपादिले. दंग्यांची व्याप्ती लहान होती हे त्यांचे म्हणणे मान्य करता येते. पण दंगा लहान होता म्हणून आकारणीतील दोष लहान ठरत नाही.

येथे विद्यार्थ्यांस एक इशारा द्यावासा वाटतो. अमेरिकेने १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर पाडणे थांबविले, चांदी उतरली, आणि म्हणून सुप्याचा दंगा झाला, अशी साखळी जोडण्याचा मोह होतो. ती टिकत नाही. १८७५ पर्यंत रुपयाचा हुंडणावळीचा दर जेमतेम ढळला होता. त्याची खरी घसरगुंडी पुढची आहे, व तिचा शेवट २६ जून १८९३ रोजी टांकसाळी बंद होण्यात झाला. भीमथडीवर अमेरिकेचा जो आघात झाला तो चांदी स्वस्त झाल्याचा नसून चांदी लोटल्याचा व मग ओसरल्याचा होता.

डॉ. आंबेडकरांच्या सिद्धान्तास या इतिहासाने बळकटी येते. १८९३ नंतरच्या सुवर्णविनिमय-मानावर त्यांनी जो मर्मभेदी आक्षेप घेतला तोही याच जातीचा आहे. सरकारचा सुवर्णनिधी रुपये पाडून झालेल्या नफ्यातून वाढत असे, म्हणजे निधी वाढावयाचा तर रुपये वाढलेच पाहिजेत. ज्या रोगावर औषध साठवावयाचे त्या रोगानेच औषध निर्माण व्हावयाचे! केन्स यांच्या १९१३ च्या ग्रंथातील आत्मविश्वास या मुद्द्यापुढे फिका पडतो. तथापि ग्रंथात एक उणीव आहे. रुपया घसरल्याने राष्ट्राचा नव्हे तर काही वर्गांचा लाभ होतो व मजुरीवर जगणाऱ्याचा तोटा होतो, हे आंबेडकरांनी उत्तम दाखविले. परंतु मुदतीने ठरलेल्या साऱ्याने बांधलेला शेतकरी, जो एका पिढीत दोनदा भिन्न मापांनी मोजला गेला, त्या विवेचनात कडेलाच राहतो. भाव चढताच लाभलेला आणि भाव उतरताच बुडालेला हा वर्ग विचारात घेतला असता तर ग्रंथाचाच सिद्धान्त अधिक भक्कम झाला असता.

रिझर्व्ह बँकेविषयीच्या विधानाबद्दल थोडेसे. आंबेडकरांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली हे खरे. त्यांची योजना अशी होती : रुपये पाडणे कायमचे बंद करावे, सोन्याचे नाणे पाडावे, आणि दोन्ही परस्परांत न वटता कायदेशीर दराने चालावीत. आयोगाने १९२६ मध्ये शिफारस केली ती सुवर्णपिंड-मानाची. ३४ च्या कायद्यातील शेकडा ४० सोने व स्टर्लिंग ठेवण्याची तरतूद तर अमेरिकेच्या १९१३ च्या फेडरल रिझर्व्ह कायद्यातील नोटांमागे शेकडा ४० सोने ठेवण्याच्या नियमाच्या जवळची आहे. ग्रंथकर्त्याचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी त्याच्या मताच्या विरुद्ध गेलेल्या संस्थेचे पितृत्व त्याच्याकडे देणे हे विचित्र आहे.

तो प्रमाणाचा नियमही पुढे गेला. १९५६-५७ च्या दुरुस्त्यांनी एकूण २०० कोटी रुपयांचा किमान निधी व त्यांत ११५ कोटींचे सोने एवढेच बंधन उरले. अमेरिकेने नोटांमागील सोन्याची अट १९६८ मध्ये काढली. नोटा कितीही वाढल्या तरी आपला हा आकडा हलत नाही, तेव्हा त्यास नोटांचे ‘तारण’ म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय. १९९१ साली सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे ठेवून परकीय चलन उभारले गेले, ते मात्र शब्दशः तारण होते, कारण तेथे धनको होता व त्याचा हक्क पोचत होता. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांनी ‘तारण’ हा शब्द अशा प्रसंगांसाठी राखून ठेवावा, आणि इतरत्र ‘गंगाजळी’ किंवा ‘निधी’ लिहावे.