हमिंगबर्ड आणि चार फ्लॅश

ड्यूपाँट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट सवडीने हमिंगबर्डचे फोटो काढीत. त्यांचे १९६० सालचे ‘हमिंगबर्ड्स’ हे पुस्तक मी वाचनालयातून तीनदा आणले आणि तोच नाद मला लागला.

सेकंदाला सुमारे पन्नास वेळा हलणारा पंख शटरला सापडत नाही. तो पकडतो फ्लॅश. फ्लॅशची ताकद कमी केली की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही थोडका होतो. उजेड पुरावा म्हणून मग तीन-चार फ्लॅश लावायचे, मागे रंगवलेला पुठ्ठा ठेवायचा आणि उन्हाला मज्जाव करायचा. नाहीतर पंखामागे भुतासारखी धूसर छटा उमटते.

न्यू जर्सीतल्या आमच्या परसात मी हा सारा पसारा मांडला. फोटो असा आला की पीस न् पीस मोजून घ्यावे. पुण्याहून आलेली आई म्हणाली, “पेंढा भरलेला आहे का रे हा?”

आईचे बरोबर होते. रुबी-थ्रोटेड नराचा लाल गळा म्हणजे पिसांच्या रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ. मान वळली की काळा, पुन्हा वळली की निखारा. चारी बाजूंनी फ्लॅश मारले की हा खेळच संपतो. पंख कसा वळतो, रंग कुठून येतो, हे ग्रीनवॉल्टना शोधायचे होते. आम्हा मागून येणाऱ्यांपाशी प्रश्नच नाही. आहे ती त्यांच्या उत्तराची नक्कल.

पुढे फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढला. गळा काळा, पंखांचा नुसता धूर. आईने पुण्याला नेला तो हाच.