४०९६ बाइटांचा डोंगर

डेमोसीन म्हणजे प्रोग्रॅम लिहून जागच्या जागी चित्र आणि संगीत घडवणाऱ्यांची दुनिया. त्यांच्या मेळाव्यात स्पर्धा असते ती नुसत्या चित्राची नव्हे, मर्यादेत राहून केलेल्या चित्राची. २००९ साली जर्मनीत बिंगेनला ‘ब्रेकपॉइंट’ मेळावा भरला. तिथे फोर-के गटात ‘एलिव्हेटेड’ पहिली आली. बर्फाचे डोंगर, पाणी, फिरता कॅमेरा, संगीत, सगळं मिळून ४०९६ बाइट! म्हणजे किती? युनिकोडमधला मराठी मजकूर एवढ्या जागेत काना-मात्रा धरून जेमतेम साडेतेराशे चिन्हं मावेल. एका पानाचं पत्र. त्यात डोंगराचं चित्र नाहीच. डोंगर रचायचं गणित आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की याचा व्हिडिओ बघणं म्हणजे कृती बघणं नव्हे. व्हिडिओची फाइल मूळ कृतीच्या हजारो पट मोठी. जी मर्यादा या कलेचा प्राण, तीच त्यात दिसेनाशी होते. मग आपण सिनेमाशी तुलना करतो आणि म्हणतो, ‘बरंय की!’

सभागृहात मत देतात ते हजर असलेले लोक, आणि त्यांतल्या अनेकांनी हे स्वतः करून पाहिलेलं असतं. खोट तिथेही आहे बरं का. एकदा पाहून मत द्यायचं म्हटल्यावर दणकेबाज कृतीला फायदा होतो, सावकाश उलगडणारी मागे पडू शकते. तरी मर्यादा ओळखणारी नजर तिथेच आहे.

फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत घेतलं. पण नुसते व्हिडिओ जपून वारसा टिकायचा नाही. फाइल, यंत्र आणि जाणता प्रेक्षक, तिन्ही जपावे लागतील.