व्हिडिओतलं जीवशास्त्र आणि तलावाच्या पाळीवरचं जीवशास्त्र

आजचा विषय आहे: घरी शिकणाऱ्या मुलांसाठी नववी ते बारावीच्या जीवशास्त्राचा अभ्यासक्रम व्हिडिओंच्या आधाराने कसा आखायचा. 'कसा आखायचा' हे मी सांगणार आहेच. पण त्याआधी, लोक आज जे आराखडे करतात ते कुठे कमी पडतात यावर बोललं पाहिजे. भंडारा जिल्ह्यात बोलते आहे, म्हणून उदाहरणंही इथलीच घेते.

परीक्षेचं आधी उरकून टाकू. घरी शिकणारं मूल दहावी-बारावीला साधारण दोन वाटांनी जातं. एक, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. एनआयओएसच्या बारावीच्या जीवशास्त्राला ८० गुणांची लेखी परीक्षा आहे आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक. म्हणजे ज्या मुलाने वर्षभर फक्त पडदा पाहिला, त्याच्यासमोर शेवटी काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक येणारच आहे. तेव्हा काय करायचं, हे आराखड्यात पहिल्या महिन्यापासून हवं.

आता नेहमीचा आराखडा बघा. पुस्तकाची अनुक्रमणिका घ्यायची आणि प्रत्येक प्रकरणासमोर एक लिंक चिकटवायची. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये दहा प्रकरणं आहेत, म्हणून दहा याद्या. झाला अभ्यासक्रम! याला मी अभ्यासक्रम म्हणणार नाही, ही तर किराण्याची यादी झाली. (हशा) यात कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, हे ठरलेलंच नाही. मुलाने काय करून पाहायचं, ते नाही. समजलं की नाही हे कसं ओळखायचं, तेही नाही.

व्हिडिओ वाईट आहेत असं मी म्हणत नाही, हे नीट ऐकून घ्या. खान अकॅडमीचा व्हिडिओ घ्या. काळ्या फळ्यावर चित्र आपल्यासमोर रेघ-रेघ करत तयार होतं. छापील आकृतीत सगळं एकदम अंगावर येतं, तसं इथे होत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. क्रॅश कोर्सची २०१२ची जीवशास्त्राची मालिका घ्या. ४० भाग, प्रत्येक साधारण दहा-बारा मिनिटांचा. मजा आहे, वेग आहे. पण हिशेब करा: सगळे भाग मिळून आठेक तास होतात. आठ तासांत वर्षाचं जीवशास्त्र? ती उजळणी म्हणून उत्तम आहे, पहिली ओळख म्हणून नाही. शिवाय तिची सुरुवात कार्बनच्या अणूपासून होते. रसायनशास्त्राच्या तर्काने ते बरोबर असेल, पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या कुतूहलाच्या तर्काने नाही. मूल बेडकापासून सुरू करतं, अणूपर्यंत नंतर पोहोचतं.

माझी दुसरी हरकत भाषेची आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. आपल्या भागात मुलं हिंदी व्हिडिओ सहज बघतात, पुस्तक मात्र मराठी असतं. मराठी पुस्तकात 'पेशी' म्हणजे सजीवाचा मूलभूत घटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात, आणि हिंदीतली 'पेशी' म्हणजे आपला स्नायू! बरं, हिंदी पुस्तकातला 'स्नायु' म्हणजे काय? हाडाला हाड बांधणारा बंध. आता मूल सकाळी हिंदीत ऐकतं आणि दुपारी मराठीत वाचतं. त्याचा गोंधळ झाला तर 'पोराचं लक्ष नाही' म्हणून आपण त्यालाच बोलतो. उपाय सोपा आहे: एक वही ठेवा, तीन रकाने करा, मराठी, हिंदी, इंग्रजी. प्रत्येक व्हिडिओनंतर पाच शब्द लिहा. वर्षाअखेर ती वही पुस्तकाइतकीच कामाची होते.

तिसरी हरकत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. व्हिडिओ उत्तर देतो, पण प्रश्न पडू देत नाही. जे डोळ्यांना दिसतच नाही, उदाहरणार्थ डीएनएची प्रत कशी बनते, हृदयाच्या झडपा कशा उघडतात-मिटतात, ते व्हिडिओनेच दाखवावं. पण जे बांधावर दिसतं, त्याला व्हिडिओ कशाला? धान निसवल्यावर सकाळी दहा-अकराच्या सुमारास बांधीत जाऊन उभं राहा. लोंबीवरची फुलं तासाभरासाठी उघडतात, परागकोश बाहेर लोंबतात आणि फूल पुन्हा मिटतं. परागण तिथे समोर चाललेलं असतं.

मोहाडी-आंधळगावची कोशाची साडी सगळ्यांना ठाऊक आहे. तो कोसा करणारी अळी ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढते. अंडी, अळी, कोष, पतंग अशा चारही अवस्था इथल्या झाडांवर बघायला मिळतात. तो पतंग काहीच खात नाही. का खात नाही? हा प्रश्न मुलाला पडू द्या, चार दिवस डोक्यात राहू द्या आणि मग व्हिडिओ लावा.

तलावांचं तसंच. इथले जुने मालगुजारी तलाव म्हणजे परिसंस्थेचं उघडं पुस्तक आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी ढिवर समाजासोबत जे काम केलं, ते अवश्य समजून घ्या. बेशरम काढायची, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, म्हणजे माशांना अंडी घालायला आणि खायला जागा मिळते. अन्नजाळं हे प्रकरण यापेक्षा चांगलं कोण शिकवणार? मासे धरणाऱ्या आजोबांना विचारा, लहानपणी कोणते मासे मिळायचे आणि आता कोणते मिळत नाहीत. ती यादी हेच प्रात्यक्षिक.

आता आनुवंशिकतेकडे येते. व्हिडिओत मेंडेलचा वाटाणा दाखवतात, तीनास एक हे प्रमाण सांगतात, मूल पाठ करतं. पण आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे दोघंही 'एएस' असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. 'प्रत्येक' हा शब्द ध्यानात ठेवा. घरात म्हणतात, 'एक पोरगा तसा झाला, आता पुढचे तीन चांगले होतील.' हे चूक आहे. नाणं दर वेळी नव्यानेच उडतं. ज्या मुलीला तीनास एक पाठ आहे, पण घरात हे वाक्य ऐकून ती गप्प बसते, तिचं जीवशास्त्र झालं असं मी मानणार नाही. लग्न ठरवण्याआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं, हे तिला कारणासकट सांगता आलं पाहिजे. या प्रकरणाची परीक्षा खरं म्हणजे तीच आहे.

तर आराखडा असा करा. वर्ष ऋतूंवर बसवा, अनुक्रमणिकेवर नाही. पावसाळ्यात रोवणीसोबत वनस्पती, कीटक आणि तलाव. हिवाळ्यात पेशी, सूक्ष्मजीव, शरीराच्या संस्था. उन्हाळ्याआधी आनुवंशिकता आणि उत्क्रांती. आठवड्याला एकच व्हिडिओ, पंधरा मिनिटांच्या आतला. त्याच्याआधी मुलाने आपला अंदाज लिहायचा. नंतर व्हिडिओ बंद करून आकृती स्वतः काढायची, नावं द्यायची, आणि घरातल्या कुणाला तरी समजावून सांगायचं. आजीला समजलं तर पोराला समजलं. आठवड्यातले दोन दिवस हाताच्या कामाचे. सूक्ष्मदर्शक परवडत नसेल तर मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदी फोल्डस्कोप आहे. तो साधारण १४० पट मोठं दाखवतो. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी आणि तलावाच्या पाण्यातले जीव बघायला तो पुरतो. प्रात्यक्षिक परीक्षेआधी मात्र खऱ्या प्रयोगशाळेत हात बसवून घ्या. जवळच्या शाळेत किंवा कॉलेजात शब्द टाका.

एकच कसोटी सांगून थांबते. आठवड्याच्या शेवटी मुलाला 'काय पाहिलंस?' असं विचारू नका. 'हे खरं आहे हे तुला कसं कळलं?' असं विचारा. 'व्हिडिओत सांगितलं' असं उत्तर आलं, तर तो आठवडा पुन्हा घ्या.