यंत्राशी भांडणारी गिटार

जुलै २०२४ मध्ये 'फर्नांडिस' ही जपानी गिटार कंपनी बंद पडली, आणि तिच्या आठवणींसोबत एक्स जपान या बँडचा गिटारवादक हिदे याची ती पिवळी, हृदयांच्या आकृत्यांनी भरलेली गिटार पुन्हा सगळीकडे झळकली. गिटारच्या रंगाबद्दल भरभरून लिहिलं गेलं. तिच्यातून निघालेल्या आवाजाबद्दल मात्र फार थोडं. हिदे जाऊन पाव शतक उलटलं आहे आणि इतक्या काळात त्याचे गुलाबी केस, त्याचे पोशाख, त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी हे सारं पुन्हापुन्हा सांगून झालं आहे. तो गिटारवादक म्हणून काय करत होता, हा प्रश्न मात्र तसाच पडून आहे.

तो इंडस्ट्रियल मेटलमध्ये गिटारला तिचं भांडण परत मिळवून देत होता.

मिनिस्ट्री या अमेरिकी बँडच्या १९९२च्या 'साम ६९' अल्बमनंतर या संगीतात गिटारचं काम ठरून गेलं होतं. एक जाड, आखूड रिफ घ्यायचा, तो ड्रम मशीनच्या ठोक्याला बांधायचा आणि थकवा येईपर्यंत फिरवत ठेवायचा. परिणाम जबरदस्त होता, यात वाद नाही. पण त्या रचनेत गिटारवादक कोण आहे याने काही फरक पडत नाही. हात कुणाचाही चालतो. नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत या शैलीची जी शेकडो अनुकरणं झाली, ती इथेच मेली.

योकोसुकाच्या हिदेतो मात्सुमोतोला, म्हणजे हिदेला, हे मान्य होणं शक्य नव्हतं. अमेरिकी नौदलाचा तळ असलेल्या त्या बंदरात, 'किस'च्या तबकड्या ऐकत तो वाढला होता. गिटार म्हणजे नखरा, घाम आणि चूक करण्याची मुभा, हे त्याच्या हाडात होतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये 'हाइड युवर फेस' हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, तेव्हा नाइन इंच नेल्सचा 'द डाउनवर्ड स्पायरल' बाजारात यायला अजून काही दिवस होते. म्हणजे त्या अल्बमचं यश पाहून हा माणूस यंत्रांकडे वळला, ही सोपी गोष्ट सांगता येत नाही.

त्या अल्बममधलं 'डाउट' ऐकावं, आणि मग त्याची पुढची रूपं ऐकावीत. १९९७ मध्ये ते नव्या मिश्रणात आलं. झिल्च या त्याच्या बँडच्या अल्बममध्ये ते पुन्हा आलं. 'जा, झू' या अल्बमवर 'डाउट ९९' म्हणून आणखी एकदा. एवढ्या थोड्या वर्षांत एकच गाणं चार वेळा उघडून पाहणारा संगीतकार जुना माल खपवत नसतो. सॅम्पलर आणि सीक्वेन्सर यांना किती जागा द्यायची, आणि दिल्यावर गिटारने कुठे उभं राहायचं, हा हिशेब तो दरवेळी नव्याने मांडत होता. रिफ ठोक्यावर चपखल बसत असतानाच तारेची एखादी किंकाळी त्या चौकटीबाहेर निसटते आणि गाणं क्षणभर कलंडतं. ते कलंडणं ही हिदेची सही आहे. एक्स जपानच्या १९९६च्या 'दाहलिया'मध्येही ती दिसते. बँडप्रमुख योशिकीच्या पियानोभरल्या शोकगीतांच्या गराड्यात हिदेचं 'ड्रेन' असं काही खरवडत येतं, की तो अल्बम दोन वेगवेगळ्या बँडनी केला असावा असं वाटतं. त्यातला दुसरा बँड जास्त जिवंत होता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या 'सायन्स' या स्वतंत्र अल्बमपर्यंत काझुहिको इनादा, म्हणजे 'इना', हा त्याचा प्रोग्रॅमर खरा जोडीदार झाला होता. एकजण वाजवायचा, दुसरा ते संगणकावर कापायचा. आणि मग झिल्च. किलिंग जोकचा बासवादक पॉल रेव्हन, 'प्रोफेशनल्स' बँडमधून आलेला रे मॅकव्हे, डॅन्झिगचा ड्रमर जोई कॅस्टिलो, गाणी इंग्रजीत. मशीनचा ठोका हाताशी असताना कॅस्टिलोसारखा दणकट ड्रमर कशाला हवा, असं विचारणाऱ्याला झिल्चच्या अल्बमचा गाभाच कळलेला नाही. यंत्राच्या ठोक्याला माणसाचा ठोका धडकावा, आणि त्या फटीत गिटार घुसावी, यासाठीच तो होता. २ मे १९९८ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, हिदे गेला. झिल्चचा तो अल्बम, 'थ्री टू वन', जुलैमध्ये बाहेर आला आणि शोकाच्या लाटेत जवळजवळ बेवारस राहिला.

मे महिन्यात हिदेचं 'पिंक स्पायडर' हे गाणं जपानी विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. लोकांनी ते दुःखापोटी घेतलं, हे खरंच. पण त्यांच्या हाती जे पडलं तो त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांतला एक अत्यंत वजनदार रिफ होता.

जपानमधल्या इतर बँडचं काय? मॅड कॅप्सूल मार्केट्सने वेग दिला, आणि त्यांच्या ताकेशी उएदाने पुढे तोच वेग 'बेबीमेटल'च्या 'गिमी चॉकलेट'ला पुरवला, करमणूक झाली. दिर एन ग्रेचं दुःख गंभीर आहे, पण ते वेगळ्या घराण्याचं आहे.

खरा संताप येतो तो हिदेच्या नावाने पुढे जे झालं त्याचा. डिसेंबर २०१४ मध्ये 'को ग्यारू' हे गाणं प्रसिद्ध झालं. हिदेने त्याचा डेमो केला होता, गायलं मात्र नव्हतं. यामाहाच्या व्होकलॉइड तंत्राने त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून आवाज घडवून तो गाण्यावर बसवण्यात आला. पुढच्या वर्षी योकोहामाच्या नाट्यगृहात त्याचा होलोग्राम नाचला. या गाण्यावर काम करणाऱ्या इनाची तळमळ प्रामाणिक होती, त्यामागे मोठी मेहनत होती, हे मान्य. तरीही हे चूक आहे, आणि ते कलेच्या दृष्टीने चूक आहे. ज्या माणसाचं सगळं काम यंत्राला विरोध करणारा एक हात शिल्लक ठेवण्यावर उभं होतं, त्याच्याच नावावर तो हात काढून टाकलेलं गाणं खपवलं गेलं. 'को ग्यारू'तला आवाज हुबेहूब आहे, आणि तो एकदाही कलंडत नाही. कलंडणारच नाही, कारण तिथे नकार द्यायला कुणी नाही. संगीतात मेलेल्या माणसाची संमती गृहीत धरण्याची ही रीत आता जगभर पसरते आहे. हिदेच्या बाबतीत तिचं समर्थन करताना 'त्याला नवं तंत्र आवडायचं' असं सांगितलं जातं. त्याला तंत्र आवडायचं ते त्याच्याशी झुंजायला. हा फरक ज्यांना दिसत नाही, त्यांनी 'डाउट'ची चार रूपं ओळीने ऐकलेली नाहीत.

दुसरा मार्ग होता, आणि तो हिसाशी इमाईने दाखवला. बक-टिकचा हा गिटारवादक हिदेच्याच पिढीचा. १९९४ मध्ये 'शाफ्ट'चा 'स्विचब्लेड' आणि २००१ मध्ये 'श्वाइन' या दोन्ही उपक्रमांत त्याने ब्रिटिश इंडस्ट्रियल संगीतकार रेमंड वॉट्ससोबत काम केलं. श्वाइनमध्ये जर्मन बँड केएमएफडीएमचा साशा कोनिएत्झकोही होता. इमाईच्या गिटारमध्ये कौशल्याचा तोरा नाही, खोडसाळ खरखर आहे, आणि चार दशकं तो तिला शिस्त लावायला नकार देत आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बक-टिकचा गायक आत्सुशी साकुराई मंचावर कोसळला आणि गेला. डिसेंबरमध्ये टोकियोच्या बुदोकानमधल्या मैफलीत त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवला गेला. पण तो त्याने स्वतः गायलेला होता. त्यानंतर इमाई आणि बँडचा दुसरा गिटारवादक हिदेहिको होशिनो स्वतः माइकपुढे उभे राहिले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'सबरोझा' आला. साकुराईच्या भारदस्त स्वराची सर त्याला नाही. इमाईचा आवाज कोरडा, सपाट, काही ठिकाणी चक्क अपुरा आहे. पण त्या अपुरेपणाच्या भोवती यंत्रं आणि गिटार नव्याने रचावी लागली, आणि त्यामुळेच साठीकडे झुकलेल्या बँडचा हा अल्बम पहिल्या कामासारखा अस्वस्थ वाटतो.

हिदेच्या वारशाचे राखणदार एवढं तरी करू शकतात. 'जा, झू'च्या काळातले डेमो कात्री आणि कृत्रिम आवाज न लावता, अर्धवट आहेत तसे, प्रसिद्ध करावेत. आणि 'थ्री टू वन' नीट पुन्हा बाजारात आणून त्याच्या मुखपृष्ठावर रेव्हन, मॅकव्हे, कॅस्टिलो, इना यांची नावं हिदेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावीत.