संदर्भसूचीतील तारीख : शक, सन आणि संगणकीय जुळणी

प्रस्तावना

संशोधनपर लेखाच्या अखेरीस येणारी संदर्भसूची हा बहुधा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. तिच्यातील ग्रंथकाराचे नाव आणि शीर्षक काळजीपूर्वक तपासले जाते. तारीख मात्र साच्यावर सोपवली जाते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासात हा प्रश्न केवळ मांडणीचा राहत नाही. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट हे श्रीवर्धनच्या देशमुखीच्या घराण्यातील. या घराण्याचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती शक व सुहूर सनातील मराठी कागद येतात, तसेच इंग्रज आणि पोर्तुगीजांचे कागदही येतात. या सर्वांना एकाच सूचीत कसे बसवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शक आणि इसवी सन

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा रूढ समज अपुरा आहे. शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. त्यामुळे जानेवारीपासून शकवर्षाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची स्वीकृत जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही आहे. रूढ नियमाने १६२९ हे वर्ष येते. प्रत्यक्षात ते १६३० आहे. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजी झाली. येथेही तोच नियम लावल्यास १७६० येते, मात्र लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१ आहे.

सुहूर सनाची गणना याहून वेगळी. तो मृगापासून सुरू होतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत, एककापासून उलट क्रमाने लिहिले जातात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवावे लागतात. पानिपतचा महिना पाहता १७६१ हेच वर्ष येते.

जुनी आणि नवी पद्धत

इसवी तारीखही सर्वत्र एक नव्हती. पोर्तुगालने ग्रेगरी पंचांग १५८२ मध्ये स्वीकारले, तर इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये. अठराव्या शतकात या दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. पहिल्या बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी झाला असे ग्रंथांत नमूद असते. ही जुन्या पद्धतीची तारीख असून नव्या पद्धतीने तो दिवस ९ मे होतो. त्याच दिवशीचा पोर्तुगीज कागद ९ मे ही तारीख दाखवील. सूचीत दोन्ही कागद जसेच्या तसे लावले, तर एकाच दिवसाचे दोन दिवस होतात.

संगणकीय साधनांची मर्यादा

लाटेकमधील बिबलाटेक या सूचीसाधनात तारीख वर्ष, महिना, दिवस या आयएसओ ८६०१ क्रमाने भरली जाते आणि छापील रूप भाषेनुसार ठरवता येते. म्हणजे ‘२८ एप्रिल १७४०’ असा मराठी क्रम व मराठी महिना मिळवणे कठीण नाही. या साधनात जुन्या पद्धतीत रूपांतर करण्याचा पर्यायही आहे. पण बदलाची मूळ तारीख १५ ऑक्टोबर १५८२ अशी गृहीत धरलेली आहे. इंग्रजी कागदांसाठी ती १४ सप्टेंबर १७५२ अशी बदलावी लागते. शिवाय जुन्या पद्धतीची तारीख भरून हा पर्याय सुरू ठेवला, तर २८ एप्रिलचे १७ एप्रिल होते. दुरुस्तीच चूक निर्माण करते. शक, तिथी आणि सुहूर सन यांना तर तारखेच्या रकान्यात स्थानच नाही. भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून शकच वापरते. परंतु तिचे महिने सौर असल्याने पंचांगातील तिथीला ती पर्याय ठरत नाही.

समारोप

सूचीत एकरूपता हवी, हा आक्षेप रास्त आहे. मात्र मूळ कालनिर्देश पुसून साधलेली एकरूपता पडताळणीची वाट बंद करते. वाचकाला मूळ तिथी दिसली, तर रूपांतरातील चूक त्याला शोधता येते. केवळ ‘१६२९’ दिसले, तर ती चूक पुढच्या प्रबंधात उतरते. म्हणून मूळ कालनिर्देश स्वतंत्र रकान्यात जसाच्या तसा ठेवावा, त्यापुढे इसवी तारीख द्यावी आणि पद्धत जुनी की नवी हे नमूद करावे. मुखपृष्ठावर महिन्याविना ‘शके १८२०’ एवढेच असेल, तर ‘१८९८–९९’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. क्रमवारीसाठी रूपांतरित तारीख वापरावी, पुरावा म्हणून मूळ तारीख जपावी. महाविद्यालयीन नियतकालिकांनी आपल्या लेखनसूचनांत एवढा नियम घातला, तरी मराठी साधनांच्या सूची अधिक विश्वासार्ह होतील.