तापमान-आलेखाचे वाचन : घरगुती रिफ्लो सोल्डरिंगच्या संदर्भात एक चिकित्सा

पीसीबीवर सूक्ष्म घटक बसविण्यासाठी आता घरगुती ओटीजी ओव्हनचाही उपयोग केला जातो. सोल्डर पेस्ट बोर्डवर लावून, तीवर घटक मांडून सर्व एकत्र तापविणे, अशी ही रिफ्लो पद्धती होय. तापविण्याचा क्रम दर्शविणारा आलेख तिचा आधार मानला जातो. मात्र हा आलेख कोणत्या हेतूने रचला गेला, याचा विचार क्वचितच होतो.

जे-एसटीडी-०२० या मानकातील आलेख याचे ठळक उदाहरण होय. शिसेविरहित जोडणीसाठी त्यात १५० ते २०० अंश सेल्सिअस दरम्यान ६० ते १२० सेकंद, २१७ अंशांच्या वर ६० ते १५० सेकंद आणि घटकाच्या जाडी व आकारमानानुसार २४५ ते २६० अंशांचे शिखर दिलेले आहे. हौशी जोडणीकार हीच कृती समजून ती जशीच्या तशी उतरवितात. वस्तुतः सदर मानक घटकाने आर्द्रता शोषल्यावर तो किती उष्णता सहन करतो, हे तपासून त्याचे वर्गीकरण करण्यासाठी आहे. २६० हा आकडा घटकाच्या सहनशक्तीची कसोटी आहे. सोल्डरची ती गरज नव्हे. एसएसी३०५ हा मिश्रधातू २१७ ते २२० अंशांत वितळतो व २३५ ते २४५ अंशांचे शिखर त्यास सामान्यतः पुरते. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेला सोल्डर तर १८३ अंशांनाच वितळतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणल्यानंतर शिसेविरहित आलेखच सर्वत्र रूढ झाले. पेस्ट शिशाची आणि आलेख शिसेविरहित, असा विसंवाद त्यातूनच संभवतो. वितळणारे कनेक्टर व फुगणारे कपॅसिटर ही त्याची किंमत होय.

दुसरा प्रश्न तापमान कोठे मोजले, हा आहे. मानकातील तापमान घटकाच्या वरच्या पृष्ठभागावरचे असते. घरगुती ओव्हनमधील थर्मोकपल मात्र पुष्कळदा हवेत लोंबकळत असते. हवा आणि बोर्ड यांत लक्षणीय तफावत पडते. सोनार डाख वाहू लागल्याची खूण प्रत्यक्ष दागिन्यावर पाहतो, हे येथे आठवावे.

वरणगाव-भुसावळ परिसराच्या दृष्टीने आणखी दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. तापक तारेची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ऐवजी २०० व्होल्ट दाब मिळाल्यास उष्णता सुमारे २४ टक्क्यांनी घटते. चढ मंदावतो, फ्लक्स सोल्डर वितळण्यापूर्वीच क्षीण होतो आणि कण एकजीव न होता दाणेदार राहतात. पुण्यात यशस्वी झालेली मांडणी येथे फसली, तर दोष विद्यार्थ्याच्या हाताचा असेलच असे नाही. दुसरी बाब उन्हाळ्याची. पेस्ट साधारणतः २ ते १० अंशांत साठवावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला असता उघड्या खोलीत ती पातळ होऊन पसरते व शेजारच्या पायांत सोल्डरचे पूल तयार होतात. हा दोष आलेख कितीही बदलला तरी जात नाही.

म्हणून प्रकल्पवहीत छापील आलेख चिकटविण्याऐवजी टाकाऊ बोर्डवर थर्मोकपल घट्ट बसवून, दर दहा सेकंदांनी नोंद घेऊन काढलेला आलेख मागणे अधिक योग्य ठरते. त्यावर त्या वेळचा विद्युतदाब व खोलीचे तापमानही लिहिलेले असावे. शिसे तापविलेला ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, हे तर वेगळे सांगावयास नको.